गालातली पिशवी

मुनियेच्या चोचीच्या दोन फाकांमध्ये बाजरीचा एक दाणा अडकला होता. अर्धा सोललेला. कोंडा एका बाजूला लोंबत होता, आणि उघडा पडलेला भाग बाजरीसारखा करडा न दिसता तेलकट, पिवळट दिसत होता. अनुसयाने पाखरू तळहातावर उताणं केलं. चोच लाखेसारखी लाल, पोट हळदीच्या पाण्याचं, बगलांवर काळ्या-पांढऱ्या आडव्या रेघा. पाठ हिरवी. अंगठ्यापेक्षा फार मोठं नाही. पायाला पुढे तीन बोटं आणि मागे एक. फांदीवर बसलं की पायातली शीर ताणली जाते आणि बोटं आपोआप मिटतात, म्हणून झोपेतसुद्धा पाखरू खाली पडत नाही, हे ती दरवर्षी वरच्या वर्गाला शिकवायची. या मुनियेचीही बोटं मिटलेली होती. त्यांत फांदी नव्हती.

थंडीनं मेलेलं पाखरू अंग चोरून, पिसं फुगवून मरतं. हे तसं मेलं नव्हतं. पंख अर्धवट उघडे राहून ताठरले होते आणि मान मागे ओढली गेली होती. अनुसयाने चोच नाकाजवळ नेली. वास रॉकेलसारखा, पण रॉकेलचा नव्हे. कपाशीवर फवारायला अलीकडे घरोघर जे एंड्रीन येऊ लागलं होतं, त्याच्या डब्याचं बूच उघडलं की गोठाभर हाच वास पसरायचा.

ती उसाच्या बांधावर उभी होती. बाजरी दिवाळीपूर्वीच काढून झाली होती. आता पौषात चहूकडे ऊस, केळी आणि गहू. म्हणजे हा दाणा इथे उगवलेला नव्हता. तो कुणीतरी आणून टाकला होता.

तिनं मान वर करून मारुतीच्या पाराकडे पाहिलं. वडावर, देवळाच्या कळसावर, पाराच्या कट्ट्यावर लाल तोंडाची माकडं ऊन खात बसली होती. सगळी जिवंत. एकजण दुसऱ्याच्या पाठीतल्या उवा वेचत होता, आणि त्यांचं सगळं निवांत चाललं होतं.

तापीच्या काठचं हे गाव. प्रकाशा गावाच्या थोडं वरच्या अंगाला, गुजर पाटलांच्या जमिनींचं. काळ्या तोंडाची, लांब शेपटीची वानरं इथे पिढ्यान् पिढ्या होती. ती वडाची पानं खायची, चिंचेवर झोपायची आणि गावाच्या लेखी मारुतीची होती. लाल तोंडाची माकडं दोन-तीन वर्षांपूर्वी नदीकाठानं वर सरकत आली आणि राहिली. त्यांनी केळीचे घड अर्धे खाऊन अर्धे फेकले, भुईमूग उपटला, गव्हाच्या ओंब्या चोळून पाहिल्या. मागच्या पावसाळ्यानंतर सुरतेकडचा एक माणूस नंदुरबार स्टेशनात उतरला. माकडं धरून न्यायचा त्याचा धंदा होता. तो म्हणाला, ही परदेशात जातात, तिकडे त्यांच्यापासून पोरांचे पाय लुळे होऊ नयेत म्हणून लस करतात. अनुसयाने चौकशी केली तेव्हा ते खरं निघालं. खरं होतं म्हणून तर उत्तर अवघड होतं. त्या माणसाचे बांबूचे पिंजरे नंदुरबारच्या शौकत सुतारानं करून दिले होते, ते गाडीवर लादून आले आणि गावाबाहेर चिंचेखाली रचून ठेवले. गावानं हो म्हटलं की पुढचं काम त्याचं.

गाव हो म्हणेना. नाहीही म्हणेना. मारुतीच्या पाराला एक काळा दगड होता. ज्या कामाला पापाचा वास येतो, ते काम करायचं असेल तर कुणीतरी त्या दगडावर हात ठेवून, सगळ्यांना ऐकू जाईल असं ते बोलायचं, आणि मग जो बोलला त्याचं ते पाप. बाकीचे मोकळे. अनुसयाच्या आजोबांनी जुना पिंपळ तोडायचं असंच बोलून दाखवलं होतं. त्या वर्षी घरात काय काय झालं, हे दगूबाई आत्या अजून पाहुण्यांना सांगायची. तेव्हापासून त्या दगडावर कुणी हात ठेवला नव्हता. दोन हंगाम माकडांचा विषय निघायचा, सगळे जमिनीकडे बघायचे, आणि उठायचे.

मग दिवाळीत अनुसयाच्या वडिलांनी, गिरधर पाटलांनी, ओसरीवर चार माणसांसमोर तोड काढली. अनसू प्राणिशास्त्र शिकलेली. या काठच्या गुजर घरांतली तेवढी शिकलेली ती पहिलीच मुलगी. शहाद्याच्या शाळेत सायन्स शिकवायची, लग्नाचं विचारणं घरच्यांनी आता सोडलं होतं. तिनंच सांगावं की लाल तोंडाचे मारुतीचे की नाही. शास्त्र बोललं तर पाप कुणाच्याच अंगाला लागणार नाही.

दगूबाई आत्यानं लगेच चिमटा काढला. “अनसू, तुन्ह्या पुस्तकमा मारुतीनी जात काय लिखेल शे?”

सगळे हसले, अनुसयाही हसली. मग तिला जे येत होतं ते तिनं सांगितलं. काळतोंड्या आणि लालतोंड्या दोन्ही एकाच गणातले. नरवानर गण, त्यात आपणही आलो. पण कुळाच्या आत त्यांची वाट फुटते. काळतोंड्या पानं खाणारा. त्याचं पोट गाईसारखं कप्प्याकप्प्यांचं. लालतोंड्याचं पोट साधं, पण त्याला गालात पिशवी असते. दाणे दिसले की तो दोन्ही हातांनी वेचून पिशवीत भरतो आणि झाडावर जाऊन सावकाश चावतो. काळतोंड्याला ती पिशवी नाही. रूपचंद, तिचा धाकटा भाऊ, पुढे सरकून ऐकत होता. त्यानं दोनदा विचारलं, काळतोंड्याला नाहीच ना? तिला तेव्हा बरं वाटलं. घरात कुणी तिला एवढं लक्ष देऊन कधी विचारत नसे.

मारुतीचं काय, त्यावर मात्र ती म्हणाली, बघून सांगते. मग म्हणाली, संक्रांतीला सांगते.

खरं तर बघायला काहीच उरलं नव्हतं. तो प्रश्न तिच्या शास्त्रात कुठेच बसत नव्हता. वर्ग, गण, कुळ, प्रजाती या पायऱ्या उतरत कितीही खाली गेलं तरी कोणत्याही पायरीवर “कुणाचा” असं लिहिलेलं नसतं. पण तसं म्हटलं तर गाव म्हणणार, शिकून काय उपयोग. आणि दुसरं काही म्हटलं तर पिंजरे भरणार. म्हणून ती दर शनिवार-रविवारी यायची, दुर्बीण नसल्यामुळे डोळे बारीक करून माकडं बघायची आणि परत जायची. आणि बघता बघता तिचं लक्ष माकडांवरून उडून उसात जायचं.

उसात हिरव्या मुनिया घरटी करायच्या. लहानपणी पावसाळा सरला की उसाच्या पात्यांत गवताची गोल घरटी दिसायची, आणि थंडीत थवा बांधावर उतरला तर बांध हलल्यासारखा वाटायचा. त्यांचं गाणं अगदी बारीक, मोठ्या आवाजाच्या जागी ऐकूच येत नाही असं. अलीकडे थवे लहान होत चालले होते. पारधी टोपलीखाली जाळं लावून मुनिया धरायचे, पिंजरे नंदुरबारला जायचे, तिथून आगगाडीनं कुठे कुठे. पोपट बोलतो, मुनिया नुसती दिसायला छान. कुणी काळ्या दगडावर हात ठेवावा असं मुनियेत काही नव्हतं.

मागच्याच आठवड्यात तिनं फळ्यावर दोन रकाने आखले होते, एकीकडे माकड, एकीकडे मुनिया. दोघंही पाठीचा कणा असलेले. तिथून पुढे फाटा. माकड सस्तन, मुनिया पक्षी. माकड नरवानर गणात, मुनिया चिमणीच्या गणात, गाणाऱ्या पाखरांत. माकड आपल्याकडून चीनपर्यंत पसरलेलं. हिरवी मुनिया या देशाबाहेर रानात कुठेच नाही, आणि या देशातही मधल्या थोड्या मुलखात. खाली तिनं लिहिलं: संख्या. माकडाखाली, भरपूर. मुनियेखाली काय लिहावं ते तिला ठरवता येईना, कारण मुनिया कुणी मोजल्याच नव्हत्या. सरकारच्या लेखी माकड पिकाचा शत्रू. मुनिया ना शत्रू, ना शिकार. तिनं तो रकाना रिकामा ठेवला आणि तास संपल्याची घंटा झाली.

राज्य नवं होऊन अजून वर्ष भरलं नव्हतं. संक्रांत यंदा शनिवारी आली होती. संध्याकाळी मारुतीला फुटाणे आणि गूळ घेऊन सगळा गाव पारावर येणार, आणि आज ती बोलणार, हे सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. त्या सकाळी, मेलेलं पाखरू रुमालात बांधून, अनुसया गोठ्याकडे निघाली.

रूपचंद बैलांना पेंड घालत होता. तिनं रुमाल उघडून गव्हाणीच्या कडेवर ठेवला. त्यानं एकदा पाहिलं आणि पेंडीच्या टोपलीत हात फिरवत राहिला. म्हणाला, चिडी शे, मरी गई. ती म्हणाली, चोच बघ. त्यानं बघितली नाही.

अनुसया रुमाल उघडाच ठेवून उभी राहिली. वर्गातसुद्धा ती अशीच गप्प उभी राहायची आणि मुलं आपणहून बोलायला लागायची. रूपचंदही लागला. तो म्हणाला की काळतोंड्याला काही होऊ नये म्हणून तर फुटाणे घेतले नाहीत, गूळ घेतला नाही, केळ घेतलं नाही. ते सगळं वानरं खातात. बारीक दाणा घेतला. बारीक दाणा जमिनीवरून वेचून भरायचा तर पिशवी लागते. पिशवी एकालाच. म्हणजे मारुतीच्या माणसाला धक्का नाही.

“तूच सांगेल व्हतं ना, ताई,” तो म्हणाला. आवाजात कुरकुर नव्हती, उलट तिला आठवण करून दिल्यासारखा तो मऊ होता.

अनुसयाला गोठ्यातला वास एकदम सोसेना. तिनं तरी त्याला शेवटपर्यंत समजावून दिलं, कारण अर्धवट सांगितल्याचं काय होतं ते तिच्यासमोर रुमालात पडलं होतं. माकड दाणा गालात धरतं, म्हणजे त्याला चव घ्यायला वेळ मिळतो. कडू लागलं की थुंकतं. सकाळपासून एक तरी मेलेलं माकड कुणाला दिसलं का? मुनियेला गालात पिशवी नाही. ती एकेक दाणा चोचीत फिरवते, जिभेनं कोंडा काढते आणि लगेच गिळते. बांधावर पसरलेली बाजरी म्हणजे मुनियेसाठीच वाढलेलं पान. तू मारुतीचा विचार केलास, ती म्हणाली, उसातल्यांचा नाही.

रूपचंदनं मान खाली घातली. मग तिनं विचारलं की आपल्याच बांधावर आहे, की दुसरीकडेही. तेव्हा त्याचा चेहरा बंद झाला. लोकांनी बघितलं असेल, तो म्हणाला. लोक बघतात आणि करतात. कुणी कुणाला सांगितलं नाही.

“म्हणजे कुणी कुणी टाकली?”

“कोनीच नही टाकी,” रूपचंद म्हणाला. “दगडवर कोनी बोलनंच नही. मंग कोनं म्हनशी?”

रुमाल पुन्हा बांधून ती परत बांधावर आली आणि या वेळी टोकापर्यंत चालत गेली. पुढे शेजारच्या सुपडूच्या केळीचा बांध, त्यापलीकडे आणखी कुणाचा. सगळीकडे बाजरी. कुठे मुठीनं टाकलेली, कुठे नीट रांगेत. सगळीकडे तोच वास. आणि तिच्या लक्षात आलं की मेलेली पाखरं फार थोडी आहेत. गवतात पिसं अडकलेली होती, मातीवर पंख झाडल्याच्या खुणा होत्या, ओल्या जागी छोटी छोटी पावलं येऊन थांबली होती, पाखरं नव्हती. कावळ्यांनी नेली असती तर तुकडे पडले असते. बांधाच्या कडेनं माणसाच्या अनवाणी पायांचे ठसे उसाच्या टोकाकडे गेले होते.

उसाच्या टोकाला खात्याचं झोपडं होतं. खात्या गिरधर पाटलांचा सालदार, सातपुड्यातला भिल्ल. उसाची तोड आली की डोंगरातली त्याची आणखी माणसं खाली यायची आणि शेजारी कुडाची चार-पाच खोपटं उभी राहायची. आता त्या सगळ्यांतून धूर निघत होता. धुराला जळक्या पिसांचा वास होता.

अनुसया धावली. आयुष्यात ती फार थोड्या वेळा धावली होती. तिचा पदर उसाच्या पात्यांना अडकून फाटला.

खात्या दारात चिलीम भरत बसला होता. आत चुलीपाशी त्याची बायको वेस्ती. पुढ्यात काड्यांना ओवलेली पाखरं, काही भाजलेली, काही तशीच हिरवी. बाईंना असं धापा टाकत आलेलं पाहून खात्या उठला आणि हसला.

“आयतीच पडेल व्हतीत,” तो म्हणाला. “मी म्हनं, यंदानी संक्रांत आम्हनाकडे बी वनी.”

त्यानं स्वतः अजून खाल्लं नव्हतं. वेस्तीनं सकाळी तोडीवर जायच्या आधी खाल्लं होतं, आणि डोकं दुखतं म्हणून परत आली होती. अनुसयाने चुलीजवळचं पाणी ओतून जाळ विझवला. काड्या उचलून पदरात गुंडाळल्या. खात्या बघत राहिला. त्याला वाटलं असावं की पाटलांच्या बांधावरची पाखरंसुद्धा पाटलांची असतात, असं काही या बाई सांगणार. मग वेस्तीच्या ओठाचा एक कोपरा उडायला लागला. ती स्वतः त्याला हात लावून हसली. हसता हसता तिची मान मागे ओढली गेली, पाठ कमानीसारखी झाली आणि टाचा जमिनीवर आपटू लागल्या. मान नेमकी त्या पाखरासारखीच मागे गेली होती.

पुढचा वेळ अनुसयाला नंतर सलग आठवला नाही. ती खोपटाखोपटांतून ओरडत फिरली एवढं आठवलं. खाऊ नका, खाल्लं असेल त्यांनी पुढे या. आणखी दोघांनी एकेक खाल्लं होतं, त्यांना मळमळत होतं. बाकीच्यांनी दुपारसाठी ठेवलं होतं. ओरडा ऐकून रूपचंद गाडी जुंपून आला. वेस्तीला कडब्यावर निजवलं, त्या दोघांना शेजारी बसवलं. खात्या गाडीत चढला आणि चढता चढता त्यानं अनुसयाकडे वळून विचारलं, आवाज न चढवता.

“बाई, हाई कोनी करं?”

अनुसयाने रूपचंदकडे पाहिलं नाही. रूपचंदनं बैलांकडे पाहिलं. गाडी नंदुरबारच्या दवाखान्याकडे निघाली. तिनं धावत जाऊन रूपचंदच्या हातात मेलेली मुनिया असलेला रुमाल दिला. डॉक्टरांना दाखव, एंड्रीन म्हणून सांग, लपवू नकोस. तो हो म्हणाला. त्याच्या तोंडून ते खरंच निघेल की नाही याची तिला खात्री नव्हती, म्हणून तिनं तेच खात्यालाही सांगितलं. खात्यानं तो शब्द दोनदा म्हणून पाहिला आणि मान हलवली.

गिरधर पाटील ओसरीवर होते. तिनं सगळं सांगितलं. त्यांनी मधे एकदाही थांबवलं नाही, आणि ते ऐकत असताना त्यांच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं, हे तिला दिसलं. आश्चर्य नाही म्हणजे काय, हे तिनं त्यांना विचारलं नाही. ती म्हणाली, दवंडी पिटवा. सगळे बांध झाडायला सांगा, आताच्या आता. उद्या पहाटे पाखरं पुन्हा उतरतील. आज वेस्ती होती. उद्या उसात खेळणारं कुणाचंही पोर असेल.

पाटलांनी सुपारी कातरून झाल्यावर सांगितलं की दवंडी पिटवली तर एकही बांध झाडला जाणार नाही. झाडायला बाहेर पडेल तो टाकणारा ठरेल. तालुक्याहून पोलीस येतील, खात्याच्या बायकोचं काही बरंवाईट झालं तर मोठंच होईल. प्रत्येकजण म्हणेल माझ्या बांधावर नाही, आणि ते दाखवायला तिकडे फिरकणारसुद्धा नाही. दाणे तिथेच राहतील. ते शांतपणे बोलत होते, आणि अनुसयाला कळत होतं की गाव त्यांना तिच्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

“तू दगडवर हात ठेव,” ते म्हणाले. “माकडं धरनार म्हनजे बाजरीनं काम नही. सांज व्हवाना पहिले ज्यानी त्यानी आपली आपली झाडी टाकी. कोनी कोनले इचारनार नही.”

“आणि नाही ठेवला तर?”

पाटलांनी अडकित्ता खाली ठेवला. “मंग केळीना हंगाम अजून बाकी शे, अनसू.”

ती माजघरात जाऊन बसली. आत्या तिळगूळ वळत होती. तिनं एक लाडू अनुसयाच्या हातावर ठेवला. अनुसयाने तो कितीतरी वेळ तसाच धरला होता.

पिंजऱ्यांत गेल्यावर काय होतं ते ती मासिकांत वाचून होती. बांबूच्या एका पेटीत नको तितकी, उन्हात, फलाटावर, पाणी मिळेल तेव्हा. मुंबईपर्यंत जेवढी जातात त्याहून कमी पुढे पोचतात. मग लस होते, आणि तिच्या वर्गातल्या एखाद्या मुलाचा पाय वाचतो. हे दोन्ही खरं. दिवाळीला तिनं हो म्हटलं असतं तर आज बांधावर बाजरी नसती. नाही म्हटलं असतं तरी कदाचित रूपचंदनं उघड भांडून काही केलं असतं, उघड झालेल्या गोष्टीला निदान थांबवता आलं असतं. ती बघत राहिली. अचूक उत्तर हवं म्हणून ती बघत राहिली, आणि त्या वेळात तिनं दिलेली एक अचूक गोष्ट मात्र घराबाहेर पडून बांधावर गेली. त्या पाखरांच्या पोटात तिचंच वाक्य होतं.

दुपारी रूपचंद परतला. वेस्तीला अंधाऱ्या खोलीत ठेवलं होतं, आवाज आणि उजेड सोसत नव्हता, आकडी राहून राहून येत होती. डॉक्टर म्हणाले, आज जगली तर जगली. दोघं पुरुष बरे होते. डब्याचं नाव खात्यानंच सांगितलं, रूपचंद म्हणाला, आणि भिंतीकडे तोंड करून बसला.

सांज व्हायला आली तशी माणसं पारावर जमू लागली. फुटाणे, गूळ, तेलाच्या पणत्या. सुरतेचा माणूस कडेला उभा होता, टोपी हातात घेऊन, परक्या गावात उभं राहावं तसा. वेस्तीची गोष्ट सगळ्यांना कळलेली होती आणि कुणीच ती काढत नव्हतं. पुरुष नेहमीपेक्षा लहान आवाजात बोलत होते. सुपडूनं तर भाव, थंडी, एवढेच विषय पुरवून पुरवून घेतले. वडाच्या वरच्या शेंड्याला काळतोंडी वानरं लांब शेपट्या सोडून बसली होती. खालच्या फांदीवर, हाताला लागेल अशी, लाल तोंडाची एक मादी होती. पोटाला पिल्लू चिकटलेलं. कुणीतरी टाकलेले फुटाणे तिनं भरले होते; दोन्ही गाल फुगून तिचा चेहरा रुंद आणि काहीसा मूर्ख दिसत होता. पिल्लानं आईच्या गालावर हात ठेवून आत काय आहे ते चाचपून पाहिलं.

उसाकडून आज एकही थवा आला नाही. एरवी या वेळेला मुनिया शेवरीच्या काठीवर रांगेनं बसायच्या, झोपण्याआधी एकमेकींना चिकटून, आणि तो बारीक आवाज व्हायचा. अनुसया त्या दिशेला कान देऊन उभी होती. रिकाम्या रकान्यात काय लिहायचं ते आता तिला माहीत होतं, आणि ते या पारावर कुणालाही ऐकायचं नव्हतं.

गिरधर पाटील बाजूला सरले. वाट झाली. दगड गार होता, तेलकट, वर्षानुवर्षांच्या शेंदुराचे थर त्याच्या खाचांत बसलेले. तिनं त्यावर उजवा हात ठेवला. आता तिनं काय बोलावं हे सगळ्यांना ठाऊक होतं. लालतोंडे मारुतीचे नाहीत, शास्त्रात तसं आहे. एवढं एक वाक्य. मागून आत्या हलकेच म्हणाली, बोल, अनसू.

तिच्या तोंडी शाळेची भाषा येत होती. तिनं ती गिळली.

“आधी सगळा बांध झाडा,” ती म्हणाली. “दाना दाना येची लेवा, खड्डामा पुरा. बांधवर एक बी दाना दिसी गया ते एक बी पिंजरा आठेन हालाव नही. मी सोता दखसू.”

सुपडू जमिनीकडे बघत होता. फांदीवरच्या मादीनं एक फुटाणा गालातून पुढे आणला आणि चावला. तो आवाजही पारावर ऐकू आला.

“लालतोंड्या मारुतीना शेत का नहीत, हाई शास्त्र सांगत नही,” अनुसया म्हणाली. “शास्त्रनं नाव कोनी लेऊ नका. हाई मी सांगस. माकडं धरी न्या. पाप मन्हं शे.”